भवानीचं गिऱ्हाईक

इंग्रजीतल्या गोंधळात टाकणाऱ्या शब्दांच्या दहा जोड्या रंजिताने फळ्याच्या कडेला लिहिल्या होत्या, आणि हाताशी असलेल्या वीस मिनिटांतली आठ पहिल्याच जोडीत गेली होती.

दादरच्या या क्लासात शिकवायची जागा एकच. आत रंजिता शिकवून दाखवत होती. बाहेर बाकावर प्रिती, दुसरी उमेदवार, फाइल छातीशी धरून आपला नंबर यायची वाट बघत होती. तिच्या शेजारी रंजिताची सासू मंजुळा बसली होती, मासळीबाजारातून तशीच उठून आलेली, रिकामी पाटी पायाशी. प्रिती हातभर लांब सरकली. मंजुळाने ते बघितलं आणि पाटीही हातभर तिकडे ढकलली.

वर्गाचं दार उघडंच होतं.

"रिमेंबर म्हणजे आठवणीत असणं. रिमाइंड म्हणजे दुसऱ्याला आठवण करून देणं," रंजिता तिसऱ्यांदा म्हणाली. "कळलं ना, धर्माकाका?"

पहिल्या बाकावरचे धर्माकाका नायगावच्या नव्या टॉवरचे वॉचमन. साठीला आलेले, अंगावर ड्युटीचा निळा शर्ट. त्यांनी मान हलवली. "कळलं, कळलं. घ्या पुढे."

"नेक्स्ट, मॅडम," मागच्या बाकावरून हितेंद्र सर म्हणाले. क्लास त्यांचा. मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी समोर ठेवलं होतं.

रंजिता पुढे गेली नाही. भाव विचारून नुसतं मान हलवणारं गिऱ्हाईक तिने लग्न झाल्यापासून सासूबरोबर मासळी विकताना रोज बघितलेलं. ते घेत कधीच नाही. तिने खडू खाली ठेवला आणि धर्माकाकांच्या बाकापाशी जाऊन उभी राहिली.

"काका, कळलं नाय तुम्हाला."

"नाय कळलं," धर्माकाका ओशाळून हसले. "पण माझ्यापायी तुमचा टाइम जातोय ना, पोरी."

बाहेर प्रिती हळूच म्हणाली, "आजी, त्यांनी पुढे जायला हवं होतं. दहाच्या दहा घ्यायच्यात. त्यावरच निवड आहे."

"मला काय सांगते? तिला म्हाईत नाय काय?" मंजुळा म्हणाली. पण तिचा हात पाटीच्या काठावर आवळला होता.

"असं बघा," रंजिता आत सांगत होती, "कालवणात कोकम टाकायचं माझ्या ध्यानात असतं. ते माझं रिमेंबर. तरी आमच्या सासूबाई मोरीतून ओरडतात, कोकम टाकलंस का गो? ते त्यांचं रिमाइंड. रोज. टाकलेलं असलं तरी."

वर्ग हसला.

"टाकते कुठं! दोनदा इसरलीय," मंजुळा प्रितीला म्हणाली, आणि लुगड्याच्या पदराने तोंड पुसता पुसता हसली.

हितेंद्र सर हसले नाहीत. "मॅडम, एका माणसापाशी एवढं थांबलात तर बॅच चालणार कशी?"

रंजिताचा चेहरा उतरला. मग ती सरळ उभी राहिली.

"सर, आमच्या धंद्यात सकाळच्या पहिल्या विक्रीला भवानी म्हणतात. ते गिऱ्हाईक हात हलवत गेलं तर अख्खा दिवस वाईट जातो. मी आज पहिल्यांदा शिकवतेय. पहिले अडले ते काका. काका रिकामे गेले तर बाकीच्या नऊ जोड्या मी कुणाच्या गळ्यात मारू?"

धर्माकाका उठून उभे राहिले, गेटवर साहेबांची गाडी आल्यावर राहतात तसे.

"मॅडम," त्यांनी घसा साफ केला, "आय रिमेंबर, चार वाजता ड्युटी. बट तुमच्या शिकवण्यात भान राहात नाय. सो... यू रिमाइंड मी."

कुणीतरी बाक वाजवला. मग सगळेच वाजवायला लागले.

"थँक यू, मॅडम. वेळ संपली," सर म्हणाले आणि त्यांनी घड्याळ उचललं.

बाकांवरून कुणीच हललं नाही. खिडकीजवळची दुर्गा, दुपारी पोळ्यांची कामं उरकून येणारी, तिने हात वर केला. "मॅडम, माझं तिसऱ्या जोडीत अडतं."

"माझं सातव्या," मागून कुणीतरी म्हणालं.

घड्याळ तसंच हातात धरून सर उभे होते. रंजिताने त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी एकदा वर्गावरून नजर फिरवली आणि खाली बसले. रंजिताने खडू उचलला.

बाहेर मंजुळा प्रितीकडे वळली. आता तिच्या आवाजात खोच नव्हती.

"बाय, तू च्या पिऊन ये. हिचं गिऱ्हाईक आता उठत नाय."