खुर्चीखालचा चापडा

"बाबा, हलू नका!" खोलीच्या दारातच तो थबकला.

बाबा खुर्चीत डोळे मिटून बसले होते. खुर्चीखालून चापड्याचं, त्या विषारी सापाचं, तिकोनी डोकं बाहेर येत होतं, थेट बाबांच्या अनवाणी पावलांकडे. आजारी साप सर्पालयातून घरी आणायचा हट्ट त्याचा आणि पिशवीची गाठ ढिली बांधली तीही त्यानेच. नव्या लोकांना गाठ मारायला शिकवणारा तो! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"बाबांनी ऐकलं का?" मागून बायकोने विचारलं. दोघं आत्ताच कामावरून परतली होती.

"ऐकलं असेल. अबोला धरलाय. सकाळी मी ओरडलो ना त्यांच्यावर."

"घरात विष आणू नकोस," एवढंच बाबा म्हणाले होते. त्यावर तो नाही नाही ते बोलला आणि दार आपटून निघून गेला. बाबांचं हृदय आधीच कमजोर, एक दंशही झेपला नसता. त्यात त्यांना बसल्या बसल्या पाय हलवायची खोड. त्या खोडीवरून बापलेकांची उभा जन्म भांडणं.

"दिवा घालवू का? दिसणार नाही त्याला."

"काही उपयोग नाही. डोळा आणि नाकपुडीच्या मधे खळगा असतो त्याला, काळोखातही ऊब टिपतो तो. थर्मासमधलं पाणी शेकायच्या पिशवीत भरून आण. पळ!"

चापडा बाबांच्या पावलावर चढला. बाबा मात्र ढिम्म. बोटसुद्धा हललं नाही. फरशीवरून जावं तसा साप दोन्ही पावलांवरून सरपटत पलीकडे उतरला.

बायकोने आणलेली गरम पिशवी त्याने दाराशी ठेवलेल्या, साप उचलायच्या आकडीने हळूच पुढे सरकवली. हातभर अंतरावरूनच चापड्याची मान गर्रकन वळली आणि साप पिशवीवर झेपावला. तेवढ्यात त्याने साप आकडीवर उचलून दाराजवळच्या रिकाम्या पेटीत टाकला, झाकण लावलं आणि बाबांच्या पायाशी मटकन बसला.

"जिंकलात बाबा! जन्मात पहिल्यांदा माझं ऐकलंत. चुकलं माझं सकाळी. आता तरी बोला."

"बोलतील हो. लेकावर किती वेळ रुसतील?" बायको सुटकेने हसली.

तोही हसला. मग त्याची नजर शेकायच्या पिशवीवर गेली, तिथून बाबांच्या पावलांवर आली आणि तिथेच थिजली. हातभरावरून ऊब हेरणारा चापडा त्या पावलांवरून गेला, तेव्हा त्याने एकदाही मान वळवली नव्हती.