मधला चोर

ड्रोन उडवून चोर घरं हेरतात, अशी आवई आठवडाभर वडीगोद्रीत होती. गावानं गस्त सुरू केली. दिवेलागणीनंतर मोटार वायंडिंगवाल्या नदीमच्या गच्चीवर आभाळाकडं रोखलेली लांब नळी कुणाला तरी दिसली आणि वीसेक जण काठ्या घेऊन वर चढले. सगळ्यांच्या पुढं म्हातारे कारभारी होते.

"काय उडवून राह्यला रे?"

"दुर्बीण हाय, काका. पाइपाची घरीच केली. तारे बघून राह्यल्तो." नदीमची पाठ कठड्याला लागली होती. "तुमीच बघा."

कारभारींनी काठी सोडली नाही. "मंग म्हातारीची बाज दाखव. तिच्यामागचे तीन चोर दाखव."

सप्तर्षीला गावात म्हातारीची बाज म्हणतात. चार तारे बाजेचे पाय, मागचे तीन ती ओढून नेणारे चोर. नदीमनं नळी मधल्या चोरावर धरली. कारभारींनी वाकून डोळा लावला. बाकीचे त्यांच्या तोंडाकडं बघत थांबले.



"हे तर दोन हाईत," कारभारी हळूच म्हणाले. "आमी जन्मभर एकच मोजला." मग डोळा न काढताच त्यांनी विचारलं, "पण हे एवढे थरथरून का राह्यले रे?"

"तारे न्हाई थरथरत, काका. नळी माझ्या हातात हाय."