तेवाकानला गाडी बदलताना

"तेवाकानच्या स्टँडवर तुझा टर्की गप्प राहिला ना," एल्पिदिओ म्हणाला, "तर मी स्टँडच्या मधोमध टर्कीचा नाच करीन. टर्कीशिवाय!"

"आणि ओरडला तर?"

"तर तू नाचायचं, ओब्दुलियाबाई."

"लागली!"

व्हॅनमधल्या अकरा शेजाऱ्यांनी ऐकलं. म्हणजे सही-शिक्का झाला. ओब्दुलियाने मांडीवरची चट्टेरीपट्टेरी पिशवी उघडली, थर्मासमधून दोन-तीन चमचे टर्कीच्या चोचीत ओतले आणि वर टॉवेल टाकला.

"पाणी पाजतेस?"

"तहान लागते बिचाऱ्याला."

एल्पिदिओ गावचा पंक्चरवाला. पन्नाशी उलटली तरी बँडवाल्यांच्या तुतारीत साबणाचं पाणी ओतणारा. पिशवीला हात लावायचा नाही आणि चुगली करायची नाही, एवढ्या दोनच अटी त्याने कबूल केल्या होत्या. बाकी रान मोकळं.

डोंगरात जाणारी जुनी लाल गाडी होती तेव्हा बकरंसुद्धा तिकिटाशिवाय जायचं. ती बंद झाली. आता तेवाकानला उतरायचं आणि एसी गाडी धरायची. आणि तिथल्या काचेच्या दारावर पाटी: जनावरं आणू नयेत. पाटीखाली खुर्ची, खुर्चीत गार्ड, गार्डच्या गळ्यात शिट्टी. गाडी लागली की तो शिट्टी मारणार, मग सगळ्यांनी रांगेत यायचं.

आज संध्याकाळी ओब्दुलियाच्या धर्मलेकीचं लग्न. धर्माच्या आईने जिवंत टर्की हातात धरून नवरीच्या दारात नाचायचं, मगच तो मोलेच्या रश्श्यात जायचा. टर्की इथे अडकला तर ती त्या दारात कोणत्या तोंडाने उभी राहणार? पुढची गाडी उद्याची.

ती गार्डसमोरून अशी गेली, जणू स्टँड तिच्या बापाचा.

"काय आहे पिशवीत, मावशी?"

"आहेर."

खोटं काय त्यात? ती मधल्या बाकावर बसली, पिशवी पायाशी ठेवली. एल्पिदिओ समोर बसला, पायावर पाय टाकून. गार्डने पकडलंच, तर त्याला गोड बोलून पटवायला आपण आहोतच, असा त्याचा हिशोब. पण त्याआधी म्हातारी नाचलेली बघायची होती.

टर्कीला शीळ ऐकू आली की जबाब दिल्याशिवाय राहवत नाही. गावातलं शेंबडं पोरही हे जाणतं. एल्पिदिओने ओठांचा चंबू केला आणि हळूच शीळ घातली.

पिशवी गप्प.

त्याने जरा मोठ्याने घातली. पिशवी गप्पच. ओब्दुलिया नखं बघत होती.

मग त्याने दोन बोटं तोंडात घातली आणि अशी शीळ फुंकली, की तिकीट खिडकीतली बाई उभी राहिली.

"गुळुगुळुगुळुगुळु!"

जबाब आला. पण मागून. लगेच दुसरा, खांबाजवळच्या खोक्यातून. तिसरा एका टाय घातलेल्या माणसाच्या सुटकेसमधून. शालीखालून, बाळाच्या दुपट्यातून, फुलांच्या टोपलीतून. एल्पिदिओने मोजले सहा. लाल गाडी काही एकट्या ओब्दुलियाची बंद झाली नव्हती, आणि लग्नाचा मोसम सगळ्यांचाच होता.

ओब्दुलियाच्या पिशवीतून फक्त एक बारीक घोरणं ऐकू आलं. आणि उसाच्या दारूचा वास.

एल्पिदिओने कपाळावर हात मारला. मांस मऊ व्हावं म्हणून कापायच्या आधी टर्कीला दारू पाजतात. त्याच्या घरी त्याची आईच पाजायची!

"थर्मास..."

"कापायच्या आधी पाजतात," ओब्दुलिया पुटपुटली. "किती आधी, ते कुणी सांगितलंय?"

गार्ड उठला. "जनावर कुणाचं आहे?"

बाळाचं दुपटं छातीशी धरलेली पोरगी रडायच्या बेतात. टायवाल्याने सुटकेसवर आपला कोट पसरला.

"साहेब, जनावर नाही हो," ओब्दुलिया उभी राहून म्हणाली. "हा एल्पिदिओ. लहानपणापासून असाच. एल्पिदिओ, करून दाखव साहेबांना."

एल्पिदिओने आजूबाजूला पाहिलं. प्रत्येक पिशवीमागून दोन डोळे त्याच्यावर रोखलेले. त्याने घसा खाकरला.

"गुळुगुळुगुळु."

"आणि तो खांबाजवळून आला तो?" गार्डने विचारलं.

"आवाज फेकतो मेला," ओब्दुलिया म्हणाली. "जत्रेत शिकलाय."

पण एल्पिदिओचा आवाज ऐकून सहाच्या सहा टर्की खुशीत आले आणि एकदम बोलू लागले. आता त्यांना झाकायचं तर त्याने आणखी मोठ्याने ओरडायला हवं होतं. तो ओरडला. मान पुढे काढून, गाल फुगवून, पार लालबुंद होईपर्यंत.

गार्ड त्याच्याभोवती एक फेरी मारून आला. "नुसता ओरडतो, का नाचतोही?"

"नाचतो की!" ओब्दुलिया म्हणाली. "पैज हरलाय."

व्हॅनमधले शेजारी टाळ्या पिटायला लागले. एल्पिदिओने हॅट काढली, नसलेला टर्की दोन्ही हातांत उचलून धरला आणि नाचायला लागला. एक पाय पुढे, एक मागे, गोल गिरकी, मध्येच गुळुगुळु. एकदा सुरू केल्यावर मात्र कसर नाही ठेवली. तिकीट खिडकीतली बाई बाहेर येऊन त्याच्याबरोबर दोन गिरक्या मारून गेली.

बाहेर गाडी लागली.

गार्डने सवयीने शिट्टी ओठांपर्यंत नेली. तिथेच थांबला. त्याने पिशवीकडे, खोक्याकडे, सुटकेसकडे, दुपट्याकडे एकेक करून पाहिलं. मग शिट्टी खिशात टाकली, काचेचं दार सताड उघडं धरलं आणि टाळ्या वाजवत सगळ्यांना रांगेत बोलवायला लागला.