बॅटरीचं पाणी

टीं. वीज गेल्यावर गप्प झालेल्या घरात इन्व्हर्टर वाजला आणि धाप लागलेल्या बाळाचं वाफेचं मशीन पुन्हा घरघरू लागलं. छतावरच्या पॅनेलने सकाळभर भरलेल्या बॅटरीची बुचं काढून मी पाणी घालत होते.

नवरा दारातूनच म्हणाला, "मिरवणूक निघतेय. डीजेला बॅटरी कमी पडतेय, सरक."

"अहो, बाळाची वाफ तरी होऊ द्या. दहा मिनिटं."

त्याने केसांना धरून मला भिंतीवर आपटलं, वायरी उपटल्या आणि बॅटरी तिरकीच उचलली. बुचं उघडी होती. ॲसिड त्याच्या पायांवर सांडलं, तसा तो खाली कोसळला. "पाणी ओत, पाणी."

मी भरलेली बादली उचलली. मशीन बंद पडलं होतं, बाळाच्या छातीतली शिट्टी ऐकू येत होती. मी तशीच उभी राहिले.

बाळाजवळ बसलेल्या थोरल्या लेकीने येऊन माझा पदर ओढला. "आई, तू ओतत का नाहीस?"