चादर धरणारी

"आधी फोटो, मग वॉर्निश," असं आई दर चित्राच्या वेळी बजावायची. तरी यंदा मी घाईत आधी वॉर्निश लावून माती खाल्लीच. विभागीय ऑनलाइन प्रदर्शनाची मुदत संपत आली होती, आणि माझं चित्र आरशासारखं चकाकत होतं.

अशा वेळी आई कॅमेऱ्यामागे काळी चादर ताणून उभी राहायची, म्हणजे फोटोत चमक पडत नसे. ती गेली तेव्हा चादरही मी देऊन टाकली. यंदा फोटो एकटीनेच काढला. का कोण जाणे, तो अगदी स्वच्छ आला.

चित्र निवडलं गेलं. परीक्षक बाईंचा फोन आला. "फोटो काय सुरेख काढलाय हो! चादर धरणाऱ्यांनाही धन्यवाद सांगा. खाली कोपऱ्यात त्यांची बोटं तेवढी उमटलीयत."

मी फोटो मोठा करून पाहिला. वॉर्निशमध्ये काळ्या कापडाचा काठ दिसत होता आणि त्यावर बोटं. करंगळी आईची, वाकडी. माझे डोळे भरून आले.

"आई, निवड झाली गं, तुझ्यामुळे," मी म्हणाले. "ठेव आता खाली. हात भरून आले असतील."

माझ्या पाठीमागे जड कापड सळसळत जमिनीवर पडलं.