मुखत्याराचा आवाज

"मुखत्यार बोलतोय," हरेश फोनवर म्हणाला, आणि शेजारी बसलेल्या त्याच्या आईने, चंद्रावतीने, डोक्यावर पदर घेतला.

पलीकडे आयर्लंडात त्याची बहीण भाविका हसली. "बाबा, जेवलास काय?"

"जेवलो गो. जिताड्याचं कालवण होतं. तुझं काय?"

आवाज काळुरामचा, जाडा, शेवटाला जरा घोगरा. बोलणारा मात्र त्याचा मुलगा. काळुराम होळीच्या आधीच गेला होता आणि आता दिवाळी तोंडावर आली होती.

भाविका रोह्याच्या एका दवाखान्यात नर्स होती. तिकडे गेली, पण तिथल्या नर्सिंग बोर्डाचं रजिस्ट्रेशन हातात पडेपर्यंत नर्स म्हणून कुणी उभं करत नाही. तोवर म्हाताऱ्यांना आंघोळी घालायच्या. रजिस्ट्रेशनला लागणारे कागद सगळे इकडचे: कॉलेजचे, कौन्सिलचे, दवाखान्याचे. ते गोळा करायला तिने बापाच्या नावाने अधिकारपत्र पाठवलं. पेणच्या वकिलाने ते वाचलं आणि म्हणाला, "काळुराम, तुम्ही आता मुलीचे मुखत्यार."

झालं! गडी त्या दिवसापासून हवेत. फोन गॅसवाल्याचा असला तरी, "मुखत्यार बोलतोय." गडब गावाच्या नाक्यावर पोरंटोरंसुद्धा त्याला मुखत्यार म्हणून हाक मारायला लागली.

आणि असा माणूस वडखळला कागदांचं पाकीट हातात घेऊन एसटीची वाट बघत खाली बसला, तो उठलाच नाही.

चंद्रावतीने अन्न टाकलं. चहासुद्धा नको म्हणायची. "भाविकाला काय कळवायचं ते मी बघते," एवढंच तिने पहिल्या दिवशी सांगितलं होतं. मग एका संध्याकाळी बापाचा फोन वाजला. भाविकाच होती. हरेश उचलायला गेला, तर आईने त्याचं मनगट धरलं.

"काय सांगू नको तिला. सगळं टाकून येईल. डिसेंबरला तिचा व्हिसा संपतोय. त्याच्या आत रजिस्ट्रेशन झालं नाय तर कायमची परत."

"मग बोलू काय?"

"तुझा आवाज त्यांच्यासारखाच हाय."

होताच. फोनवर लोक नेहमी फसायचे. हरेशने डोळे मिटले आणि "मुखत्यार बोलतोय" म्हणाला. पोरगी क्षणभर गप्प झाली. मग नेहमीसारखी बडबडायला लागली. त्या दिवशी चंद्रावती दोन घास जेवली.

तेव्हापासून हे रोजचं झालं. व्हिडिओ लाव असं भाविका कधी म्हणायची नाही, तिकडे नेट पुरत नाही म्हणायची. हरेशला ते बरंच होतं. गावात एकाच्याही तोंडून तिच्याकडे बातमी कशी गेली नाही, याचं त्याला नवल वाटायचं.

"मी सगळ्यांना बजावलंय," आई म्हणायची.

पण तो आवाज काही फोनपुरता राहीना. कंपनीत शिफ्टवर कुणी हाक मारली तर हरेशच्या तोंडून बापच 'ओ' द्यायचा. खोकलाही तसाच यायला लागला. एकदा तो भाविकाला सांगून बसला, की तू लहान असताना खाडीत तुझी चप्पल वाहून गेली आणि मी कमरेइतक्या चिखलात उतरलो. ती रडायला लागली. फोन ठेवल्यावर हरेशला घाम फुटला. त्या दिवशी तो तिथे नव्हताच. मग हे त्याला सांगितलं कुणी?

सगळ्यात भीती आईची वाटायची. तो फोनवर बोलत असला की ती हळूच पुढे सरकायची.

"विचारा तिला, थंडी वाढली काय?"

विचारा! पोटच्या पोराला! त्याच्या अंगावर सर्रकन काटा यायचा.

"आई, मी हरेश हाय गो."

"माहीत हाय रे," ती म्हणायची. पदर मात्र खाली घ्यायची नाही.

बाप मेला त्याचं रडणंही राहून गेलं होतं. रोज संध्याकाळी ज्याला बोलतं करायचं, त्याच्यासाठी रडायचं कसं? रजिस्ट्रेशन एकदाचं होऊ दे, मग भाविकाला सगळं सांगू आणि मोकळे होऊ, एवढ्यावर तो तग धरून होता. पण दर वेळी तिचं आपलं तेच.

"बाबा, आणखी एकच कागद लागतोय."

आजही तेच. रोह्याच्या दवाखान्याचं अनुभवाचं पत्र म्हणे पुन्हा हवं होतं.

"हरेशला पाठवतो उद्या," हरेश म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर तो थेट दवाखान्यात गेला. भाविकाबरोबर काम केलेली नमिता ड्युटीवर होती. बापाच्या मयताला ती घरी येऊन गेली होती.

"काय रे, आवाज बसलाय काय?" तिने विचारलं.

हरेशने घसा खाकरला. "भाविकाला अनुभवाचं पत्र पाहिजे परत. रजिस्ट्रेशन अडकलंय तिचं."

"अडकलंय? काहीतरीच काय! जूनमध्येच झालं की."

नमिताने मोबाइल काढून त्याच्यापुढे धरला. गडद निळ्या युनिफॉर्ममध्ये भाविका उभी होती. छातीवर नाव, नावाखाली नर्स. चेहरा सुकलेला होता.

हरेशने मोबाइल बाजूला सारला. "मग ती रोज नवा कागद का मागते? मी बाबांच्या आवाजात बोलतो तिच्याशी, नमिता. बाबा गेले ते तिला कळू नये म्हणून. आईनेच सांगितलं."

"कळू नये?" नमिता त्याच्याकडे बघतच राहिली. "अरे, काकांना अंगणातून उचललं तेव्हा तू मडकं धरून पुढे चालत होतास. मागे काकूच उभ्या होत्या, मोबाइल वर धरून, भाविकाला सगळं दाखवत."