पहिला लोटा

तालमीत थंडाईचा पहिला लोटा वस्तादांचा. तो रिकामा झाल्याशिवाय कुणी ओठ ओले करायचे नाहीत. वस्तादांनी पोट लहान करायचं ऑपरेशन करून वजन उतरवलं होतं, पण 'पैलवानाला सुरी लागली' असं कुणी म्हणू नये म्हणून उपासतापास केल्याचं सांगितलं. मग लोट्याला नाही कुठल्या तोंडानं म्हणणार? घोटाघोटानं वजन परत चढलं. काल डॉक्टरांनी खाणंपिणं ऑपरेशननंतरसारखं पुन्हा औषधाच्या इवल्याशा कपाच्या मापावर आणलं. आज जोडीदार आकारामनं लोटा पुढं केला, तसा वस्तादांनी तोच कप खिशातून काढला. "ह्यात वत." "चेष्टा करताय व्हय, वस्ताद?" "पोट कापून बारकं केलंय माझं." आकारामनं कप भरला, लोटा पुढच्याला दिला. गटागटा पिऊन पैलवान निघाले. रोजच्यासारखं वस्तादांच्या पाया पडायला कुणी थांबलं नाही. वस्तादांनी कप सावकाश संपवला, विसळला आणि लोट्याशेजारी उद्यासाठी पालथा घातला.